लिकेज नाही

शेठनं खिशातून एक कागद काढला, चार घड्या उलगडल्या आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"हे तुमच्याच हातचं हाय ना, सुधाकरभाऊ?"

अक्षर माझंच होतं. गॅरेजचं जॉब कार्ड. आम्ही गाडी तपासली की त्यावर काय पाहिलं, काय बदललं ते लिहितो. सगळ्यात खाली मी लिहिलं होतं, 'पेट्रोल लिकेज नाही.' खाली सही. 'नाही' या शब्दाखाली रेघसुद्धा मारली होती. एवढा आत्मविश्वास मी कुठून आणला होता ते आता आठवत नाही.

"माझंच आहे," मी म्हणालो.

"मंग झालं तं." कांतिशेठनं कागदाची पुन्हा घडी केली. "गाडीत लिकेज नाही. अन् चहापत्तीले तं पेट्रोलचा वास येऊन राह्यला. अनसिंगच्या तीन दुकानदारांनी माल वापस केला. याचा अर्थ काय होते? गजानन माह्या गाडीत पेट्रोलच्या कॅना भरून नेते अन् खेड्यात बाटलीनं इकते."

गजानन तिथंच, दोन हातांच्या अंतरावर, उभा होता. अकरा वर्षांपासून शेठकडे ड्रायव्हर, शेठची चहापत्ती खेड्यांतल्या दुकानांत पोचवणारा. अनसिंग, मेडशी, केनवड, सगळ्या लाइनवरचे दुकानदार त्याला शेठपेक्षा जास्त ओळखतात. शेठनं गाडीची किल्ली सकाळीच त्याच्याकडून काढून घेतली होती, तीही बाजारात, हमालांच्या समोर.

"उद्या अनसिंगचा फेरा हाय. दुसरा ड्रायव्हर सांगून ठेवला मी," शेठ म्हणाले. "थो चालू कराच्या आधी गाडी एकदा धुऊन, वास काढून द्या. संध्याकाळी येतो." किल्ली टेबलावर ठेवून ते स्कूटरवर बसून गेले.

मी वाशीमच्या बायपासला एकतीस वर्षांपासून गॅरेज चालवतो. माझ्या लिहिण्यानं गाड्या पास झाल्या, नापास झाल्या. पण माझ्या लिहिण्यानं कोणी चोर ठरल्याची ही पहिलीच वेळ होती.

शेठ दिसेनासे झाल्यावर गजानन बोलला. "भाऊ, मले पगार नाही पाहिजे शेठचा. दुसरीकडं गाडी भेटन मले. पन कॅन इकनारा म्हनून नाव पडलं तं कोन ठेवन मले? तुमी अजून एकदा पाहा ना."

"पाहिलं होतं रे मी. सगळं कोरडं होतं."

"मंग वास कायचा येते?"

खरं सांगायचं तर त्याची दया येण्याआधी मला त्या प्रश्नाचाच किडा चावला. माझा स्वभावच तसा आहे. गाडी बोलते आणि आपल्याला समजत नाही, हे मला सहन होत नाही.

ही गाडी म्हणजे जुनी पेट्रोल पिकअप. आपल्याकडे पिकअप म्हटलं की डिझेलच, पण ही लहान, पेट्रोलवरची. शेठनं दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली होती. नव्या गाड्यांना कुठं गळती असली तर त्या स्वतःच डॅशबोर्डवर दिवा लावून सांगतात. ही त्या जमान्यातली नाही. तरी मी स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणाला, सगळं ठीक. म्हणजे त्यानंही माझ्यासारखंच कार्ड लिहून दिलं.

मी गजाननला स्टूल दिलं आणि विचारायला सुरुवात केली. गाडी तपासायच्या आधी ड्रायव्हरला तपासावं, ही माझी जुनी पद्धत. मागच्या महिन्यात नेमकी तीच मी केली नव्हती. गाडी शेठच्या दुसऱ्या माणसानं आणून सोडली होती आणि मी थेट खाली शिरलो होतो.

"वास कधी येतो? चालू करताना, चालताना, की उभी असताना?"

"चालताना येते. उन्हात उभी ठेवली तरी येते."

"रोज?"

तो थांबला. बोटं मोडत राहिला. "सोमवारी लय येते. मंगळवारीबी येते. शुक्रवारपावतो कमी होऊन जाते. शनवारी नसते."

"सोमवारी काय असतं?"

"सोमवारी टाकी फुल करतो ना. शेठचा हुकूमच हाय. पाडव्यापासून दर सोमवारी फुल."

"फुल म्हणजे पंपाचा नोझल आपोआप कट होईपर्यंत?"

गजानन हसला नाही, पण हसण्याच्या जवळ आला. "नाही हो. कट झाला का गाडी हालवाची, बुडबुडे निंघू द्याचे, मंग अजून भराचं. तोंडापावतो पेट्रोल दिसलं पाहिजे. शेठ म्हनते, तोंडापावतो भरली म्हनजेच फुल. त्याच्याबिगर किती खपलं ते समजत नाही."

मी उठून भिंतीवरच्या कार्डांच्या गठ्ठ्यातून आमची प्रत काढली. गाडी मी तपासली तो वार शनिवार होता. टाकी अर्ध्याच्या खाली होती. म्हणजे रोगी बरा असताना मी त्याला तपासलं होतं आणि निरोगी असल्याचं सर्टिफिकेट दिलं होतं.

इथं एक गोष्ट सोपी करून सांगतो. पेट्रोल हे नुसतं सांडत नाही, ते उडतं. टाकीत, विशेषतः आपल्या वाशीमच्या मे महिन्यात, सतत त्याची वाफ होत असते. ही वाफ बाहेर सोडली तर वास येतो आणि हवाही खराब होते. म्हणून टाकीच्या डोक्यावरून एक नळी निघते आणि काळ्या डब्यात जाते. त्या डब्याला कॅनिस्टर म्हणतात. त्यात कोळसा भरलेला असतो, आणि तो वाफ धरून ठेवतो. इंजिन चाललं की एक छोटा व्हॉल्व्ह उघडतो, त्याला पर्ज व्हॉल्व्ह म्हणतात, आणि इंजिन ती धरलेली वाफ ओढून जाळून टाकतं. एवढीच सिस्टिम. यातलं काही कुठं फाटलं तर पेट्रोलचा थेंब दिसत नाही, डाग पडत नाही. फक्त वास. आणि वासाला हात लावून पाहता येत नाही.

"चल," मी गजाननला म्हटलं. "पंपावर."

"किल्ली शेठनं मले नको देजा म्हनलं."

"मी चालवतो. तू बाजूला बस."

पंपावर नोझल कट झाल्यावर गजानन खाली उतरला, दोन्ही हातांनी हौद्याचा काठ धरला आणि गाडी अशी हलवली की पंपवालाही मागे सरकला. बुडबुडे निघाले. अजून पेट्रोल गेलं. पुन्हा हलवली. शेवटी तोंडाशी पेट्रोल चमकायला लागलं. "झाली शेठची फुल," तो म्हणाला.

आम्ही अनसिंगच्या रस्त्याला लागलो. डायव्हर्जनचे खड्डे सुरू होईपर्यंत काही नाही. तिसऱ्या खड्ड्यानंतर वास आला. कॅबिनमध्ये थोडा, पण मागची खिडकी सरकवली तर हौद्यातून भपका. मी गाडी एका बाभळीखाली थांबवली, इंजिन बंद केलं आणि खाली झोपलो. जमीन कोरडी. टाकीचं बूड कोरडं. पण वास मात्र डोक्यावरून, टाकी आणि हौद्याच्या पत्र्याच्या मधल्या सापटीतून येत होता. तिथं हात जात नाही, नजरही जात नाही.

मला मनापासून आनंद झाला. गजानन विचित्र नजरेनं पाहत होता. एखाद्याचं नाव बुडायला आलंय आणि मिस्त्री रस्त्यावर पडून हसतोय, हे बरं दिसत नाही, हे मला नंतर कळलं.

"भेटलं?" त्यानं विचारलं.

"सापडलं नाही. पण आहे."

गॅरेजला परत आलो. आता काम शिस्तीत करायचं ठरवलं. तोंडापर्यंत भरलेल्या टाकीवर पुढची टेस्ट करता येत नाही, म्हणून आधी अर्धं पेट्रोल काढायला हवं. मी दोन कॅन आणल्या, नळी टाकली आणि गजाननला म्हटलं, "ही कॅन धर जरा."

तो दोन पावलं मागे गेला. "मी नाही धरत. शेठ आता आले अन् माह्या हातात कॅन पाह्यली तं?"

मी हसलो, मग त्याच्या तोंडाकडे पाहून गप्प झालो. तो थट्टा करत नव्हता. त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. मला त्या क्षणी माझ्या त्या कार्डाची पहिल्यांदा खरी लाज वाटली. कॅन मीच धरल्या, दोन्ही.

पहिली पायरी, टाकीत हलका दाब द्यायचा आणि तो टिकतो का पाहायचं. हलका म्हणजे अगदी हलका. टायरला देतो तसा दाब दिला तर टाकी फुगेल. मी पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून पाटीला बांधली आहे. तिच्यात पाणी भरतो आणि पाणी दिसावं म्हणून चिमूटभर कुंकू टाकतो. एका टोकाला टाकीचा दाब जोडला की लाल पाणी दुसऱ्या बाजूला चढतं. चढून तिथंच राहिलं तर सिस्टिम टाइट आहे. उतरायला लागलं तर कुठंतरी भोक आहे. कंपन्यांची यासाठी भारी भारी मीटर मिळतात. माझं हे कुंकवाचं मीटर वीस वर्षांपासून खोटं बोललेलं नाही.

दाब म्हणून साधी हवा द्यायची नाही, हेही सांगून ठेवतो. पेट्रोलची वाफ आणि हवा एकत्र आली की ठिणगीची वाट पाहत बसतात. शेजारी रफीकभाईचं टायरचं दुकान आहे, त्यांच्याकडे नायट्रोजन असतो. नायट्रोजन जळत नाही आणि जळू देत नाही. रफीकभाईंनी लांब पाइप टाकून दिला आणि स्वतः आपल्या दुकानाच्या दारात जाऊन उभे राहिले.

"इथून दिसते मले," ते म्हणाले.

कॅनिस्टरचं बाहेरच्या हवेचं तोंड मी बंद केलं आणि नायट्रोजन सोडला. पाणी चढलं. आणि लगेच उतरायला लागलं.

आता एकेकाला पकडायचं. पहिला संशय टाकीच्या झाकणावर. झाकणाचं रबर वाळून कडक झालं होतं. नवीन झाकण लावलं. पाणी थोडं सावकाश उतरलं, पण उतरलंच. म्हणजे झाकण दोषी, पण एकटं नाही. मग पर्ज व्हॉल्व्ह. इंजिन बंद असताना तो बंदच असला पाहिजे. त्याची नळी काढून बोटानं दाबली, काही फरक पडला नाही. व्हॉल्व्ह निर्दोष सुटला. मग कॅनिस्टर काढला. हातात घेतला आणि मी गजाननकडे पाहिलं. जेवढा हलका हवा तेवढा तो नव्हता. कोळशानं वाफ धरायची, इथं तर त्यानं पेट्रोल पिऊन ठेवलं होतं. तोंडापर्यंत भरलेली टाकी खड्ड्यात उसळली की वाफेच्या नळीतून पातळ पेट्रोलच डब्यात जायचं. शेठच्या फुल टाकीची ही करामत. कॅनिस्टर कामातून गेला होता.

"मंग हेच हाय काय?" गजानन उठून उभा राहिला.

"थांब." मी कॅनिस्टरची नळीही बुचानं बंद केली आणि पुन्हा दाब दिला. लाल पाणी उतरलंच. "अजून आहे. टाकीच्या डोक्यावर."

आता धूर. माझं धुराचं यंत्र म्हणजे रंगाचा रिकामा डबा. त्यात बेबी ऑइल आणि डिझेल गाडीचा ग्लो प्लग. ग्लो प्लग म्हणजे थंडीत डिझेल इंजिन सुरू व्हावं म्हणून लाल होणारी कांडी. ती तापली की तेलाचा पांढरा धूर होतो, नायट्रोजन तो धूर ढकलत टाकीत नेतो आणि जिथं भोक असेल तिथून धूर बाहेर येतो. डबा गाडीपासून लांब, दाराबाहेर ठेवला.

मी गाडीखाली टॉर्च घेऊन झोपलो. गजानन दुसऱ्या बाजूनं झोपला. पाच मिनिटं काही नाही. मग टाकीच्या वरच्या अंधारातून धुराची एक बारीक रेघ निघाली. अगदी उदबत्तीसारखी, सरळ वर गेली आणि हौद्याच्या पत्र्याला लागून पसरली.

"भाऊ," गजानन हळूच म्हणाला, जणू जोरात बोललं तर ती उडून जाईल. "थे पाहा."

आम्ही दोघं तसेच पडून राहिलो. एकतीस वर्षं झाली, तरी अशी रेघ दिसली की मला काम करावंसं वाटत नाही, पाहत राहावंसं वाटतं.

टाकीचे दोन पट्टे सोडून ती खाली उतरवली. तिच्या डोक्यावरच्या लोखंडी नळीपासून कॅनिस्टरकडे जाणारी रबरी नळी असते. तिथं हातभर तुकडा वेगळाच होता. काळाच, धुळीनं माखलेला, वरून पाहिलं तर रबरासारखाच. दोन्ही टोकांना बाइंडिंग वायरनं आवळलेला. मी कपड्यानं पुसला. धूर मधून निघत होता, वरच्या बाजूनं, टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकातून. दाबलं की आत बोटाला गाठ लागत होती.

"ही कुठली नळी?" मी म्हणालो.

गजानननं ती हातात घेतली, दाबली, वास घेतला आणि दिवसभरात पहिल्यांदा मोठ्यानं हसला. "अहो भाऊ, हे ठिबकची नळी हाय! माह्या वावरातबी हायेत अशा. हे इनलाइन म्हनतात. हिच्या आतच ड्रिपर असते, दर हातभर अंतरावर एक भोक. पानी थेंब थेंब पडाले." तो पुन्हा हसला. "पेट्रोलनं ठिबक सिंचन चालू होतं शेठच्या चहापत्तीले!"

मीही हसलो. आणि बोलायच्या भरात बोलून गेलो, "कोण्या गाढवानं लावली रे ही? मिस्त्री म्हणवतात आणि वावरातली नळी गाडीला लावतात. अशा माणसाचं गॅरेज बंद केलं पाहिजे."

"खरं हाय," गजानन म्हणाला.

मी पक्कड घेऊन वायर सोडायला लागलो. ती सुटेना. मी उजवीकडून पिळली, अजून घट्ट झाली. उलटी पिळली, सुटली.

वायर उलट्या बाजूनं पिळलेली होती. सगळे मिस्त्री उजव्या हातानं पिळतात, वायर एका बाजूला वळते. ही दुसऱ्या बाजूला वळलेली होती. शेवटचं टोक दुमडून आत खोचलेलं, हाताला लागू नये म्हणून. वाशीममध्ये असं डावं पिळून टोक खोचणारा एकच मिस्त्री मला माहीत आहे. तो मी. मी डावखुरा आहे.

मग आठवायला वेळ लागला नाही. अडीच-तीन वर्षं झाली. केनवडला देवीदास पाटलांची ही गाडी, तेव्हा ती त्यांची होती, वावरात बंद पडली होती. सोयाबीन भरलेलं, पावसाचं आभाळ, पाटील घाईत. मी मोटारसायकलवर गेलो. बिघाड दुसरा होता, तो काढताना वाफेची वाळलेली नळी माझ्याच हातानं तुटली. माझ्याजवळ नळी नव्हती. पाटलांनी बांधावरच्या गुंडाळीतून तुकडा कापून दिला. बसला. मी म्हणालो होतो, "हे आजच्यापुरतं. उद्या गॅरेजला या, बरोबर नळी टाकून देतो." उद्या ते आले नाहीत. मी बोलावलं नाही. पुढं गाडी विकली गेली. पाटील अर्धी टाकीसुद्धा कधी भरत नसत, शिवाय त्यांच्या हौद्यात खत आणि फवारणीची औषधं. तिथं पेट्रोलचा वास कोण ओळखणार? पाडव्यापासून शेठनं टाकी तोंडापर्यंत भरायला सुरुवात केली आणि माझी नळी बोलायला लागली.

गजानन खुशीत होता. तो रफीकभाईंना सांगायला गेला. मी नळी हातात घेऊन बसलो. खरं सांगतो, माझ्या मनात आलं, गप्प बसावं. लिकेज सापडलं, गजानन सुटला, शेठला नळी दाखवली की झालं. गाढव कोण हे कोणी विचारणार नाही. मी ते वायरचे दोन तुकडे खिशातसुद्धा टाकले.

संध्याकाळी शेठ आले. मी नळी दाखवली, धूर सोडून दाखवला, पेट्रोल प्यालेला कॅनिस्टर हातात दिला. शेठनं सगळं नीट पाहिलं. ते हुशार माणूस आहेत. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "एक महिन्यापयले हे नव्हतं काय?"

"होतं."

"तुमी तं 'लिकेज नाही' लिवून देलं. आज गजानन दिवसभर तुमच्यापाशी बसला अन् लिकेज निंघालं. सुधाकरभाऊ, तुमचं मन मऊ हाय, मले मालूम हाय. ठिबकची नळी गजाननच्या वावरात हाय. हे तुमी आज लावली नसन कायवरून?"

गजाननचं तोंड पडलं. इतका वेळ उभा असलेला माणूस स्टुलावर बसला.

आता माझ्याकडे एकच पुरावा होता, आणि तो माझ्या खिशात होता. मी वायरचे तुकडे काढून टेबलावर ठेवले.

"शेठ, ही वायर पाहा. गंज पाहा. आजची नाही ही. आणि हे पिळणं माझं आहे, डाव्या हाताचं. नळी मीच लावली, केनवडला, पाटलांच्या वावरात. बदलून देतो म्हणालो आणि विसरलो."

गजानन माझ्याकडे पाहत राहिला. "तुमी?" तो म्हणाला. "मंग थे गाढव..."

"हो. तेच."

शेठचा अजून विश्वास बसला नव्हता. मी देवीदास पाटलांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. गाडी, वावर, नळी, एवढंच म्हणालो.

"हव, आठोते ना," पाटलांचा आवाज आला. "माह्या ठिबकची नळी कापून देली होती तुमाले. तुमी म्हने, उद्या या. मंग मले कुठं टाइम भेटला? काहून, काय झालं?"

"काही नाही पाटील. बदलून टाकली आज."

फोन ठेवला. शेठनं खिशातून ते जॉब कार्ड काढलं, वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं. नळी आणि कार्ड, शेजारी शेजारी. दोन्ही माझ्याच हातची कामं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग शेठ गजाननकडे वळले. जैन मंडळी पर्युषण संपलं की हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम' म्हणतात, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा, अशा अर्थानं. शेठ दर वर्षी अख्ख्या बाजाराला म्हणतात, मलाही म्हणतात. दिवाळीच्या शुभेच्छांसारखंच ते असतं, असं मला वाटायचं. पण हा मे महिना होता. शेठनं हात जोडले आणि म्हणाले, "गजानन, मिच्छामि दुक्कडम."

गजानननं मान हलवली. मग तो म्हणाला, "शेठ, इथं नोका म्हनू. किल्ली तुमी दुकानापुढं घेतली होती. तिथंच म्हना."

मला वाटलं, आता शेठ भडकणार. ते खाली पाहत राहिले. "हव," ते म्हणाले. "सकाळी."

"अन् सुधाकरभाऊ, तुमीबी येजा," गजानन म्हणाला.

रात्री मी नवीन नळी, नवीन कॅनिस्टर टाकला. कुंकवाचं पाणी चढलं आणि तिथंच राहिलं. सकाळी आठ वाजता गाडी घेऊन बाजारात गेलो. हमाल पोती उतरवत होते. शेठ दुकानाच्या पायरीवरून खाली आले, हातातला माल ठेवा म्हणाले, आणि सगळ्यांच्या समोर गजाननला हात जोडून तेच दोन शब्द म्हणाले. मग किल्ली दिली. माझी पाळी आली. मी म्हणालो, "गाडीत लिकेज होतं. मी कार्डावर 'नाही' लिहिलं होतं. चूक माझी होती, नळीही माझी होती." एक म्हातारा हमाल मोठ्यानं म्हणाला, "मंग पेट्रोल मिस्त्रीनंच सांडोलं म्हना ना!" सगळे हसले. गजाननही हसला. मला ते हसणं पुरलं.

निघताना मी शेठना सांगितलं, "नोझल एकदा कट झाला की थांबायचं. गाडी हलवायची नाही. नवा कॅनिस्टरही पुन्हा भरेल."

"मंग टाकी फुल हाय, हे मले कसं समजन?"

"गजाननले इचारा," मी म्हणालो.

पुढच्या सोमवारपासून गाडी हलवणं बंद झालं.

या सगळ्यातून मी एवढंच शिकलो की 'उद्या या' म्हटलं तर उद्या आपणच फोन करावा. आणि कार्डावर आपल्या नजरेपेक्षा मोठं काही लिहू नये. त्यानंतर मी कोणाच्याही कार्डावर 'लिकेज नाही' लिहिलेलं नाही. 'आज सापडलं नाही' असं लिहितो, सोबत टाकी किती भरली होती तेही लिहितो. गिऱ्हाइकांना ते आवडत नाही. त्यांना पक्कं काहीतरी हवं असतं.

मागच्या आठवड्यात गजानन ऑइल बदलायला आला. मी सवयीनं कुंकवाचं मीटर लावलं. पाणी तासभर जागचं हललं नाही. मी कार्ड लिहून दिलं. त्यानं वाचलं.

"काहून भाऊ, माह्या गाडीवर तरी 'नाही' लेहा ना. तुमच्याच डोयानं पाह्यलं आता."

"आज सापडलं नाही," मी म्हणालो. "एवढंच पाहिलं मी."

त्यानं कार्डाची चार पदरी घडी केली आणि खिशात ठेवली.